कॅसिनो जळाला, अल्बम झाला: ‘मशीन हेड’च्या ध्वनिमुद्रणाचा प्रकरण अभ्यास

गिटार हातात घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पहिल्या महिन्याभरात एक रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, वाजवलेला असतो. पुण्यातला क्लास असो, दादरमधली मित्राची खोली असो किंवा मडगावातला गॅरेजमधला बँड, सुरुवात बहुतेकदा ‘स्मोक ऑन द वॉटर’च्या त्या चार सुरांनी होते. हे गाणं डीप पर्पल या बँडच्या ज्या अल्बममध्ये आहे तो ‘मशीन हेड’ कसा ध्वनिमुद्रित झाला, त्याचा हा अभ्यास आहे. कलाकारांची नावं जगाला माहीत असल्याने ती दिली आहेत. ज्यांच्या हातून चूक झाली किंवा ज्यांना त्रास झाला, त्या सामान्य माणसांची नावं इथे नाहीत आणि त्यांची गरजही नाही.

पार्श्वभूमी

१९७१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला डीप पर्पल हा इंग्लिश बँड स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो या गावी पोचला. जिनिव्हा सरोवराच्या काठी वसलेलं हे गाव उन्हाळ्यात पर्यटकांनी फुललेलं असतं आणि हिवाळ्यात शांत होतं. बँडमध्ये पाच जण होते: गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रमवर इयन पेस, बासवर रॉजर ग्लोव्हर आणि गायक इयन गिलन.

आधीची दोन वर्षं त्यांची धावपळीत गेली होती. १९७० चा ‘इन रॉक’ आणि १९७१ चा ‘फायरबॉल’ हे दोन्ही अल्बम त्यांनी दौऱ्यांच्या मधल्या फटींत, जमेल तेव्हा स्टुडिओ गाठून पुरे केले. ‘फायरबॉल’ इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तरी ब्लॅकमोर त्यावर खूष नव्हता. चार दिवस इथे, आठ दिवस तिथे असं तुकड्यातुकड्यांनी केलेलं काम जोडाजोडीचं होतं, ही त्याची तक्रार होती.

या बँडची खरी ताकद रंगमंचावर होती. ब्लॅकमोरची गिटार आणि लॉर्डचा हॅमंड ऑर्गन एकमेकांना डिवचत, मागे टाकत, पुन्हा गाठत जायचे आणि पेस त्यांच्याखालचा ठेका क्षणभरही सैल पडू द्यायचा नाही. आपल्याकडे चांगली जुगलबंदी ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वाजवणारे एकमेकांचे चेहरे पाहत वाजवतात तेव्हा जे होतं, ते प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवून नंतर जोडलं तर होत नाही. स्टुडिओत नेमकं हेच हरवत होतं, आणि नव्या अल्बममध्ये ते पकडायचं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी स्टुडिओ नको, रिकामं सभागृह हवं होतं.

माँत्रोची निवड यातूनच झाली. तिथल्या कॅसिनोत संगीताच्या कार्यक्रमांचं मोठं सभागृह होतं. १९६७ मध्ये माँत्रो जॅझ महोत्सव सुरू करणाऱ्यांपैकी एक, क्लोद नोब्ज, बँडचा मित्र होता आणि गावात त्याचा शब्द चालायचा. हिवाळ्यासाठी कॅसिनो बंद झाला की सभागृह बँडच्या ताब्यात येणार होतं. इंग्लंडबाहेर ध्वनिमुद्रण केलं तर करात सवलत मिळेल, असा हिशेबनिसांचा सल्लाही होता. त्यातच गिलनला कावीळ झाल्याने अमेरिकेचा दौरा सोडून द्यावा लागला आणि कधी नव्हे ते कॅलेंडर मोकळं झालं.

ध्वनिमुद्रणाची यंत्रणा म्हणून रोलिंग स्टोन्स बँडची गाडी भाड्याने घेतली होती. या ट्रकच्या आत सोळा ट्रॅकचं, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे नोंदवता येतील असं, पूर्ण ध्वनिमुद्रण केंद्र बसवलेलं होतं. ट्रक दाराशी उभा करायचा, केबल आत सोडायच्या आणि जिथे वाजवाल तिथे स्टुडिओ. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं. लेड झेपलिनने हीच गाडी इंग्लंडमधल्या एका जुन्या घराबाहेर उभी करून काम केलं होतं, आणि त्याच वर्षी खुद्द रोलिंग स्टोन्सनी दक्षिण फ्रान्समधल्या एका बंगल्याच्या तळघरात तिच्यावर ध्वनिमुद्रण केलं होतं. ट्रकमध्ये मिक्सिंगच्या, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या, टेबलाशी मार्टिन बर्च हा तरुण तंत्रज्ञ बसणार होता. आधीच्या दोन्ही अल्बमवर त्याने काम केलेलं असल्याने बँडचा आवाज त्याच्या कानात पक्का बसला होता. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

अडचण

कॅसिनो ताब्यात मिळण्याआधी तिथे हंगामातला शेवटचा कार्यक्रम व्हायचा होता: शनिवार, ४ डिसेंबरला दुपारी फ्रँक झॅपा आणि त्याचा ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ हा बँड. डीप पर्पलचे लोकही प्रेक्षकांत बसले होते.

कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी संकटकाळात इशाऱ्यासाठी वापरतात तसा फ्लेअर छताच्या दिशेने उडवला. छताने पेट घेतला. झॅपाने न गोंधळता लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगितलं. नोब्ज आत राहून अडकलेल्या मुलांना बाहेर काढत होता. कुणाचाही जीव गेला नाही, हे या साऱ्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं भाग्य. इमारत मात्र पूर्ण जळाली आणि झॅपाच्या बँडची वाद्यं, यंत्रं सगळी आत खाक झाली. पुढच्याच आठवड्यात, १० डिसेंबरला, लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने झॅपाला रंगमंचावरून खाली ढकललं आणि तो गंभीर जखमी झाला. त्याच्या बाजूने पाहिलं, तर ही गोष्ट एका अल्बमच्या जन्माची न राहता एका भयंकर आठवड्याची होते. मला ही बाजू वगळून पुढे जाववत नाही.

डीप पर्पलचे पाचही जण हॉटेलात परतले आणि सरोवराच्या पाण्यावर पसरत चाललेला धूर पाहत राहिले. त्यांची वाद्यं शाबूत होती, ट्रक शाबूत होता, माणसं शाबूत होती. जागा मात्र उरली नव्हती.

कोणत्या वाटा होत्या

त्या शनिवारी रात्री त्यांच्यासमोर काय काय होतं, ते मांडून पाहू.

पहिली वाट म्हणजे लंडनला परत जाऊन नेहमीचा स्टुडिओ गाठायचा. यात धोका सगळ्यात कमी, पण ज्यासाठी इथवर आलो ते सगळं सोडल्यासारखं. पुन्हा तोच स्टुडिओ, तीच जोडाजोड, आणि कराचा फायदाही गेला.

दुसरी वाट म्हणजे काम पुढे ढकलायचं. गिलनच्या आजारपणाने मिळालेला मोकळा काळ पुन्हा केव्हा मिळेल हे कुणालाच माहीत नव्हतं. शिवाय गाणी अजून झाली नव्हती. ‘हायवे स्टार’ आणि ‘लेझी’ ही दोन ते कार्यक्रमांत आधीपासून वाजवत होते; बाकीची तिथेच, वाजवता वाजवता सुचायची होती. बँडच्या अंगात आलेला जोर पुढे ढकलता येत नाही.

तिसरी वाट म्हणजे माँत्रोतच दुसरी जागा शोधायची. ट्रक होताच, त्यामुळे चार भिंती आणि वीज एवढंच लागत होतं. त्यांनी हीच वाट धरली, आणि जागा शोधायला नोब्ज पुढे झाला. ज्याच्या गावातली महत्त्वाची इमारत नुकतीच जळाली होती, तो माणूस पाहुण्यांसाठी दारोदार फिरत होता. पुढे गाण्यात बँडने त्याचं नाव घेतलं ते उगाच नाही.

माझ्या मते इथे निर्णय सोपा झाला तो एकाच कारणाने: आपल्याला काय हवं आहे हे त्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांनी कॅसिनो निवडला होता तो कॅसिनो म्हणून नव्हे, तर पाच जणांना एकत्र मोठ्याने वाजवता येईल अशी रिकामी जागा म्हणून. इमारतीवर जीव जडलेला असता, तर तिच्याबरोबर बेतही जळाला असता.

पहिला प्रयत्न: पॅव्हिलियन

नोब्जने गावातलं ‘पॅव्हिलियन’ हे थिएटर मिळवून दिलं. बँडने सामान लावलं आणि रात्री वाजवायला सुरुवात केली. ब्लॅकमोरकडे एक रिफ होता. साधा, एकमेकांपासून सा आणि म एवढ्या अंतरावरचे दोन-दोन सूर एकदम छेडून वाजवलेला. आणि त्या तारा त्याने पिकने न छेडता बोटांनी खेचल्या होत्या. त्याला नाव नव्हतं, शब्द नव्हते. कामचलाऊ नाव मिळालं ‘टायटल नंबर वन’.

अडचण शेजाऱ्यांची झाली. पॅव्हिलियन गावाच्या मधोमध. मार्शलचे अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात लावून रॉक बँड रात्री वाजवतोय म्हटल्यावर आजूबाजूचं सगळं गाव जागं झालं. तक्रारी गेल्या, पोलीस आले. आत टेक, म्हणजे गाण्याचं एक सलग ध्वनिमुद्रण, चालू होता. बँडचे रोडी, म्हणजे सामान वाहणारी आणि यंत्रं लावणारी पोरं, आतून दारं रेटून उभी राहिली. पोलीस बाहेरून दार ठोठावत असताना आत तो टेक शेवटपर्यंत वाजवला गेला. मग दारं उघडली आणि बँडला तिथून बाहेर पडावं लागलं. पॅव्हिलियनमधून हाती लागला तो एवढा एकच ट्रॅक, तोही बिनशब्दांचा.

शेजाऱ्यांची झोप मोडणं मला योग्य वाटत नाही, आणि पोलिसांना दाराबाहेर उभं करणं तर त्याहून नाही. पण ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने पाहिलं तर या प्रकरणातली सगळ्यात मौल्यवान काही मिनिटं त्याच दारामागे घडली. चांगला चाललेला टेक मध्येच तोडला की तो परत येत नाही. दुसऱ्या दिवशी तीच माणसं, तीच वाद्यं, तेच सूर असतात आणि तरी काहीतरी निसटलेलं असतं.

दुसरा प्रयत्न: बंद हॉटेल

आता गावापासून जरा बाजूची जागा हवी होती. ती ग्रँड हॉटेलच्या रूपाने मिळाली. हिवाळ्यासाठी बंद केलेलं, थंडगार, रिकामं, मोठमोठ्या बोळांचं जुनं हॉटेल. ट्रक बाहेर उभा केला, केबल आत ओढल्या आणि तळमजल्यावरच्या बोळात पाच जणांनी मांडामांड केली.

बोळात ध्वनिमुद्रण करणं म्हणजे काय, हे थोडं उलगडून सांगायला हवं. दोन कडक भिंती समोरासमोर असल्या की आवाज त्यांच्यामध्ये चेंडूसारखा आपटत राहतो. रिकाम्या जिन्यात टाळी वाजवून पाहा, एक फडफड ऐकू येते. ड्रमचा प्रत्येक ठोका असा फडफडत राहिला तर ध्वनिफितीवर नुसता गलका उतरतो. त्यावर उपाय म्हणजे भिंतींना मऊ काहीतरी लावणं, आणि बंद हॉटेलात मऊ वस्तूंना काय तोटा! गाद्या आणून भिंतींना टेकवल्या गेल्या, वाद्यांच्या मध्ये आडोसे म्हणून उभ्या केल्या. गादी वरचे आणि मधले सूर बऱ्यापैकी पिऊन टाकते, खालच्या जाड सुरांचं तिला फारसं काही करता येत नाही. पण रॉकमध्ये तो जाडपणा थोडा गळून इकडेतिकडे गेला तर बिघडत नाही, उलट एकत्र वाजवल्याचा भास पक्का होतो.

थंडीसाठी मोठे औद्योगिक हीटर आणले. हा प्रश्न फक्त बोटं गारठण्याचा नसतो. गार हवेत तारा आकसतात आणि सूर चढतो. हवा तापली की उतरतो. हवा एकसारखी ठेवता आली नाही, तर सकाळचा टेक आणि रात्रीचा टेक एकमेकांना जुळत नाहीत.

आणि आता या प्रकरणातलं माझं सगळ्यात आवडतं वळण. एरवी स्टुडिओत टेक झाला की सगळे उठून शेजारच्या खोलीत जातात, वाजवलेलं ऐकतात, चर्चा करतात, परत येऊन वाजवतात. इथे ऐकण्याची सोय ट्रकमध्ये, आणि बोळातून ट्रकपर्यंत सरळ वाट नव्हती. खोल्या ओलांडायच्या, बाल्कनीतून पलीकडे जायचं, जिने उतरायचे, बाहेरच्या थंडीतून ट्रक गाठायचा आणि तसंच परत यायचं. दोन-चार खेपांत सगळे कंटाळले आणि पुढे त्यांनी जाणंच सोडून दिलं.

मग टेक चांगला झाला की नाही हे ठरवायचं कसं? वाजवता वाजवता, अंगाने. पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि झालं असं वाटलं, की झालं. बाकी सगळं ट्रकमध्ये बसलेल्या बर्चच्या कानांवर सोपवलं. बर्चला नकोसं काही ऐकू आलं तर तो सांगेल, एरवी पुढच्या गाण्याकडे.

हे सोपं नव्हतं. वादकाला स्वतःचं वाजवणं ऐकण्याचा मोह फार असतो. ऐकलं की दोष दिसतो, दोष दिसला की पुन्हा वाजवावंसं वाटतं, आणि दहाव्या टेकपर्यंत दोष गेलेला असतो पण जीवही गेलेला असतो. ‘फायरबॉल’च्या वेळी जे खटकत होतं त्याच्या मुळाशी बरंचसं हेच असावं, असा माझा अंदाज आहे. इथे गैरसोयीने तो मोहच काढून घेतला. निर्णय कुणी घेतला नाही, तो त्या जिन्यांनी आणि बाल्कन्यांनी घ्यायला लावला. पण तो घेता आला, कारण ट्रकमध्ये बर्च होता. अनोळखी तंत्रज्ञ असता तर हीच माणसं कितीही थंडीत पळत जाऊन ऐकत बसली असती.

६ ते २१ डिसेंबर या पंधरवड्यात ध्वनिमुद्रण उरकलं. एवढ्या थोड्या दिवसांत, एवढ्या पायपिटीनंतर, दोनदा जागा बदलून.

कमी पडलेलं गाणं

शेवटाकडे येताना हिशेब केला तर अल्बम पुरेसा लांब होत नव्हता. एक गाणं हवं होतं आणि नवं रचायला वेळ उरला नव्हता. तेव्हा पॅव्हिलियनमध्ये पोलीस दार ठोठावत असताना वाजवलेला तो बिनशब्दांचा ट्रॅक आठवला.

शब्दांची सुरुवात आधीच झाली होती, वेगळ्याच वाटेने. आगीनंतर काही दिवसांनी ग्लोव्हर झोपेतून जागा होत असताना त्याच्या तोंडून चार शब्द आले: ‘स्मोक ऑन द वॉटर’, पाण्यावरचा धूर. गिलनला ते ऐकून शंका आली. हे नशेवरचं गाणं वाटेल, असं त्याला वाटलं. पण आता रिकामा ट्रॅक समोर होता आणि सांगायला एक ताजी गोष्ट होती. गिलनने घडलं तेच लिहिलं. माँत्रोला येणं, ट्रक, झॅपाचा कार्यक्रम, फ्लेअर, जळणारा कॅसिनो, लोकांना बाहेर काढणारा क्लोद, रिकामं गार हॉटेल. कल्पनेचा आव नाही, अलंकार नाहीत; पत्रात घरी लिहावं तसा मजकूर.

थोडक्यात, हा प्रकरण अभ्यास त्यांनीच आधी लिहून, गाऊन ठेवलेला आहे.

त्या गाण्याची उभारणी आज ऐकताना माणूस थक्क होतो. गिटार एकटी सुरू होते. मग हाय-हॅट, म्हणजे ड्रमसोबतची झांजांची जोडी, आणि ऑर्गन येतात. लॉर्डने हॅमंड ऑर्गन मार्शलच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढल्याने त्याचा आवाज गिटारला इतका लगटून बसतो की दोन वाद्यं वेगळी ओळखू येत नाहीत. मग ड्रम पूर्ण उघडतो, मग बास शिरतो, मग आवाज. एकेक माणूस खोलीत येऊन बसल्यासारखं. शिकणाऱ्या पोरांना ते चार सूर सोपे वाटतात, पण नुसती ती गिटार वाजवून ते गाणं कधीच उभं राहत नाही, कारण त्यात निम्मा वाटा लॉर्डच्या ऑर्गनचा आहे.

परिणाम

मिक्सिंग जानेवारी १९७२ मध्ये लंडनच्या डी लेन ली स्टुडिओत झालं आणि मार्च १९७२ मध्ये अल्बम बाजारात आला. इंग्लंडमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत सातव्या. सात गाणी: ‘हायवे स्टार’, ‘मेबी आय अ‍ॅम अ लिओ’, ‘पिक्चर्स ऑफ होम’, ‘नेव्हर बिफोर’, ‘स्मोक ऑन द वॉटर’, ‘लेझी’ आणि ‘स्पेस ट्रकिन’. यातलं ‘हायवे स्टार’ हे सप्टेंबर १९७१ मध्ये पोर्ट्समथच्या कार्यक्रमाला जाताना बसमध्ये सुचलेलं. एका पत्रकाराने तुम्ही गाणी कशी रचता असं विचारलं आणि ब्लॅकमोरने गिटार उचलून तिथेच करून दाखवलं.

रंगमंचावरचा आवाज पकडायचा होता, तो पकडला गेला का? याचा पुरावा त्याच वर्षी मिळाला. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत झालेल्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण ‘मेड इन जपान’ या नावाने निघालं. तिथेही यंत्रामागे बर्चच होता. सात गाण्यांच्या त्या अल्बममध्ये चार गाणी ‘मशीन हेड’ची आहेत. बोळात पाच जणांनी एकत्र वाजवलेलं असल्याने ते प्रेक्षकांसमोर नेताना काही सोडावं लागलं नाही, काही उसनं आणावं लागलं नाही.

माणसांचा परिणाम मात्र वेगळा झाला. धावपळ थांबली नाही. आपापसातला ताण वाढत गेला आणि जून १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बँडमधून बाहेर पडले. ज्या पाच जणांना एकमेकांकडे पाहून टेक झाला की नाही हे कळत होतं, ते पाच जण दीड वर्षात एका मंचावर उरले नाहीत.

कॅसिनो पुन्हा बांधला गेला आणि १९७५ मध्ये उघडला. नव्या इमारतीत ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओही झाला आणि पुढे क्वीन या बँडने तो विकत घेतला. ज्या जागी स्टुडिओ नव्हता म्हणून ट्रक आणावा लागला होता, तिथेच तो उभा राहिला. ट्रक आज कॅनडात कॅलगरीच्या राष्ट्रीय संगीत केंद्रात जपून ठेवलेला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पॅव्हिलियनची चूक टाळता आली असती. गावाच्या मधोमध असलेल्या जागेत रात्री पूर्ण आवाजात वाजवणं, तेही आगीने गाव हादरलेलं असताना, हे आधीच विचारात घ्यायला हवं होतं. दिवसा वाजवलं असतं, शेजाऱ्यांना आधी कल्पना दिली असती, तर कदाचित आणखी दोन-तीन ट्रॅक तिथेच झाले असते. तसं झालं असतं तर गार हॉटेल वाट्याला आलं नसतं आणि न ऐकता वाजवण्याची सवयही लागली नसती, हेही खरं. पण चांगला परिणाम झाला म्हणून चूक चूक राहत नाही असं मी मानत नाही. पुढच्या बँडला असं बंद हॉटेल मिळेलच, याची खात्री कोण देणार?

दुसरी गोष्ट गाण्याच्या निवडीची. अल्बममधलं सिंगल, म्हणजे वेगळ्या छोट्या तबकडीवर काढायचं गाणं, म्हणून बँडने ‘नेव्हर बिफोर’ निवडलं. लोकांना तेच आवडेल असा त्यांचा होरा होता. इंग्लंडमध्ये ते पस्तिसाव्या क्रमांकापलीकडे गेलं नाही. ‘स्मोक ऑन द वॉटर’ अमेरिकेत सिंगल म्हणून निघालं ते थेट १९७३ मध्ये आणि चौथ्या क्रमांकावर पोचलं. ज्यावर मेहनत घेतली ते मोलाचं वाटतं आणि जे जागा भरायला म्हणून आलं ते दुय्यम, असं कलाकाराला वाटणं स्वाभाविक आहे. इथे बाहेरचा एखादा कान हवा होता. अल्बमची निर्मिती बँडने स्वतःच केली होती, वेगळा निर्माता नव्हता. आवाजाच्या बाबतीत बर्चवर जसा भरवसा टाकला तसा निवडीच्या बाबतीत कुणावर टाकता आला असता, तर वर्षभराचा उशीर टळला असता, असं वाटतं.

तिसरी गोष्ट मला अजून सलते. त्याच दिवसांत, त्याच हॉटेलात ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ हे संथ, दुःखाचं गाणं ध्वनिमुद्रित झालं होतं. गिलनने ते जीव ओतून गायलं आहे. ब्लॅकमोरला ते पसंत नव्हतं, म्हणून अल्बममध्ये ते घेतलं गेलं नाही. ‘नेव्हर बिफोर’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टाकून दिलं. लांबी कमी पडत असतानाही. सगळी गाणी धावणारी असताना एक थांबणारं गाणं मध्ये आलं असतं तर बाकीच्यांचा वेगही अधिक जाणवला असता. पाचांपैकी एकाची नापसंती एवढी वजनदार ठरावी का, हा प्रश्न तेव्हाच मोकळेपणाने बोलला गेला असता, तर पुढच्या दीड वर्षातलं बरंच काही कदाचित वेगळं झालं असतं.

१९९३ मध्ये ब्लॅकमोर बँड कायमचा सोडून गेला. त्यानंतर डीप पर्पलने ते गाणं कार्यक्रमांत नेमाने वाजवायला सुरुवात केली. १९९७ मध्ये अल्बमच्या पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती निघाली, तिच्यात माँत्रोच्या बाकीच्या गाण्यांच्या शेजारी त्याला जागा मिळाली.